आवाज मोठा नको, जवळचा हवा

घरात आजोबांना कमी ऐकू येऊ लागले आहे, याची पहिली बातमी बहुधा टीव्हीकडून मिळते. आवाजाचा आकडा १५ वरून २५ वर, तिथून ४० वर जातो. शेजारी कुरकुरतात, मुलांचा अभ्यास होत नाही, आणि एवढे करूनही बातम्या संपल्या की आजोबा विचारतात, "काय म्हणाला तो शेवटी?" नातू जवळ जाऊन मोठ्याने सांगतो, तर त्यालाच ऐकून घ्यावे लागते, "ओरडतोस कशाला? मी काय बहिरा आहे?" घरच्यांना हा विक्षिप्तपणा वाटतो. काही महिन्यांनी आजोबा टीव्हीसमोर नुसतेच बसतात, ऐकत नाहीत. पुढे बसायचेही सोडतात. माणूस घरात असूनही घरच्या बोलण्यातून बाहेर पडतो तो असा.

वास्तविक आजोबांच्या दोन्ही तक्रारी, 'कळत नाही' ही आणि 'ओरडू नका' ही, शास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहेत. त्या बरोबर का आहेत हे उलगडायला बराच काळ लागला. त्यावरचा एक चांगला, स्वस्त उपाय १९३७ सालीच सापडला होता, पण आपल्याकडे तो फारसा कोणाला माहीत नाही. या लेखात आम्ही त्याचीच हकिगत सांगणार आहोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अहवालानुसार जगात सुमारे ४३ कोटी माणसांना काही उपचार किंवा साहाय्य लागावे इतके कमी ऐकू येते. त्यात मुलेही आहेत. आपल्या वर्गात अशी मुले 'लक्ष नसलेली' म्हणून मागच्या बाकावर बसलेली सापडतात. तेव्हा टीव्हीच्या आवाजाबद्दल पुढे जे येईल, ते शिक्षकाच्या आवाजालाही लागू आहे हे वाचताना ध्यानात असू द्यावे.

आवाज वाढवून का भागत नाही

आपल्या बोलण्यात स्वर जोरकस असतात आणि व्यंजने दुबळी. अ, आ, ओ या स्वरांची बहुतेक ऊर्जा १००० हर्ट्‌झच्या खाली असते. उलट स, श, त, च, ख यांची ओळख पटवणारा भाग २००० हर्ट्‌झच्या वर असतो आणि त्याची ऊर्जा फार थोडी असते. तरीही एक शब्द दुसऱ्यापासून वेगळा होतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे. खीर, चीर, तीर, पीर हे शब्द घ्या. व्यंजन निसटले की चारींचा एकच 'ईर' उरतो.

या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास झाला तो बहिऱ्यांसाठी नव्हे, टेलिफोनसाठी. तारेतून आवाजाचा किती भाग पाठवला तर बोलणे कळेल, हे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेला ठरवायचे होते. तारा महाग होत्या, म्हणून जितका कमी पाठवता येईल तितका बरा. हार्वी फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकापासून हजारो निरर्थक अक्षरे लोकांना ऐकवून मोजमापे केली. त्यातून १९४७ साली फ्रेंच आणि स्टाइनबर्ग यांनी जे मांडले ते असे: सुमारे १९०० हर्ट्‌झच्या वरचा सगळा भाग गाळला काय किंवा खालचा सगळा गाळला काय, अक्षरांची ओळख सारखीच घटते. म्हणजे वरच्या दुबळ्या भागात जवळजवळ अर्धा अर्थ भरलेला असतो.

वयानुसार येणारे बहिरेपण नेमके या वरच्या टोकापासून सुरू होते. अंतर्कर्णातल्या शंखाच्या तोंडाशी असलेल्या रोमपेशी उच्च वारंवारतेच्या ध्वनीला प्रतिसाद देतात, आणि त्याच आधी झिजतात. आता टीव्हीचा आवाज वाढवला म्हणजे काय केले? जे स्वर, जे पार्श्वसंगीत, जो तबला आजोबांना आधीच ऐकू येत होता, तोच आणखी मोठा केला. व्यंजने थोडी वाढली, पण त्यांच्यावरचा गोंगाटही तेवढाच वाढला.

दुसऱ्या तक्रारीचे कारण न्यूयॉर्कचे कर्णतज्ज्ञ एडमंड फाउलर यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले. रोमपेशींच्या बिघाडामुळे ज्याला कमी ऐकू येते, त्याला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र आपल्याइतकाच मोठा वाटतो. निरोगी कानाला ऐकू येऊ लागणारा आवाज आणि असह्य होणारा आवाज यांत सुमारे १०० डेसिबलचे अंतर असते. आजोबांचे ऐकणेच ६० डेसिबलला सुरू होत असेल, तर सगळे जग त्यांना उरलेल्या ४० डेसिबलांत बसवावे लागते. जरा आवाज वाढला की 'ऐकू येत नाही'वरून एकदम 'ओरडू नका'वर गाडी येते ती यामुळे. यात हट्ट कसलाही नाही.

हार्वर्डच्या गाद्या

तिसरा अडथळा कानात नसून खोलीत असतो. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे व्याख्यानगृह बांधून झाले आणि तिथे कोणाचे बोलणेच कळेना. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. सॅबाइन रात्री सगळीकडे सामसूम झाल्यावर ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवत आणि आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते मोजत. रिकाम्या दालनात साडेपाच सेकंद लागत! तेवढ्या वेळात वक्ता दहा-बारा शब्द बोलून जातो, म्हणजे प्रत्येक शब्दावर आधीच्या दहा शब्दांचा गाळ बसलेला. मग जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या मदतनिसांकडून आणवून त्यांनी त्या दालनात अंथरल्या, आणि जसजशा गाद्या वाढल्या तसतसा हा वेळ कमी होत सुमारे १ सेकंदावर आला. पहाटे गाद्या परत जागेवर. अशा कित्येक रात्रींनंतर निनादाचे जे सूत्र हाती लागले, ते आजही सॅबाइनच्या नावाने शिकवले जाते.

त्याच विचाराने आपल्या घराचा हिशेब करता येतो. ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोली, त्यात फरशी आणि गिलाव्याच्या भिंती. निनादकाल अर्धा सेकंद धरला तरी टीव्हीपासून साधारण अर्धा-पाऊण मीटर दूर गेल्यावर थेट येणाऱ्या आवाजापेक्षा भिंतींवरून आपटून येणारा आवाज जास्त होतो. आणि आपण बसतो तीन-चार मीटरवर! वर पंखा आहे, स्वयंपाकघरात कुकर आहे, रस्त्यावर रिक्षा आहेत. निरोगी कान आणि मेंदू मिळून या चिखलातून शब्द वेचून काढतात. बिघडलेल्या कानाला तेच काम करायला बोलणे गोंगाटापेक्षा आणखी ४ ते ६ डेसिबलनी वर लागते, बिघाड जास्त असेल तर त्याहूनही अधिक.

त्यात टीव्ही सपाट झाले. जुन्या खोक्याच्या टीव्हीत स्पीकर बहुधा समोर किंवा बाजूला असे. पातळ टीव्हीत त्याला समोर जागा उरली नाही, तो खाली किंवा मागे तोंड करून बसला. खालच्या वारंवारतेचे ध्वनी वळसा घालून पुढे येतात. उच्च वारंवारतेचे ध्वनी मात्र सरळ जातात, म्हणजे भिंतीकडे. ज्या व्यंजनांची आजोबांना सर्वांत जास्त गरज, तीच भिंतीला ऐकवली जातात.

"मग श्रवणयंत्र लावा की," असे कोणी म्हणेल. लावावेच. पण साध्या श्रवणयंत्राचा मायक्रोफोन कानाशी असतो. त्याच्यापर्यंत जे पोचते ते थेट आवाज, निनाद, पंखा आणि कुकर यांचे मिश्रण, आणि तो ते सगळेच मोठे करतो. हल्लीची अंकीय यंत्रे गोंगाट काहीसा गाळतात, तरी निनादात मिसळून गेलेले व्यंजन त्यांनाही पूर्ण सोडवता येत नाही. म्हणून खरा प्रश्न असा मांडायला हवा: टीव्हीतून निघालेला आवाज मधल्या खोलीला न शिवता कानापर्यंत कसा न्यायचा?

गळतीचा उपयोग

याचे उत्तर एका तक्रारीतून निघाले. १८८४ साली लंडनच्या ग्रेज इन रोड या रस्त्यावर टेलिफोनवर बोलणाऱ्यांना मधूनच टक-टक ऐकू येऊ लागले. शोध घेतल्यावर कळले की ते तारायंत्राचे संदेश होते. तारायंत्राच्या तारा रस्त्याखाली लोखंडी नळातून गेलेल्या, टेलिफोनच्या तारा घरांच्या छपरांवरून, मध्ये सुमारे २४ मीटरचे अंतर. तरी संदेश वाचता येत होते! फॅरेडेने १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन कोणी न सांगता शहरभर काम करत होते. एका तारेतला बदलता प्रवाह बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, आणि ते क्षेत्र दुसऱ्या तारेत प्रवाह निर्माण करते. ब्रिटिश टपालखात्याचे अभियंते विल्यम प्रीस यांनी या उपद्रवाचाच उपयोग करायचे ठरवले आणि १८९२ साली ब्रिस्टलच्या खाडीत किनारा आणि एक बेट यांच्यामध्ये सुमारे ५ किलोमीटर अंतरावर तारेशिवाय संदेश पाठवून दाखवले. पुढे मार्कोनीचा रेडिओ आला आणि प्रीसची पद्धत अडगळीत गेली.

ती अडगळीतून बाहेर काढली जोसेफ पोलियाकॉफ यांनी. हे मूळचे रशियातले. टेलिफोन आणि बोलपटाच्या तंत्रावर काम केलेले. १९२४ साली कुटुंबासह लंडनला आले आणि १९३१ मध्ये मुलाबरोबर श्रवणयंत्रे बनवणारी मल्टिटोन ही कंपनी काढली. त्यांच्या ग्राहकांत विन्स्टन चर्चिल होते. या रशियन बापलेकांनी चर्चिलच्या श्रवणयंत्रात काही बसवले तर नाही ना, असा ब्रिटिश हेरखात्याला बरेच दिवस संशय होता, हे नंतर खुल्या झालेल्या कागदपत्रांतून उघड झाले. (रसायनशास्त्राच्या शिक्षकांना मूलद्रव्यांवरच्या चित्रफितींमुळे परिचित असलेले, विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचे प्राध्यापक मार्टिन पोलियाकॉफ हे या जोसेफचे नातू.)

१९३७ साली जोसेफ पोलियाकॉफनी ज्याचे पेटंट घेतले ती कल्पना शाळेच्या प्रयोगवहीत मावेल इतकी साधी आहे. दालनाच्या कडेने तारेचा एक वेढा घालायचा. अँप्लिफायरमधून निघणारा आवाजाचा विद्युतप्रवाह स्पीकरऐवजी या वेढ्यातून सोडायचा. वेढ्याच्या आत आवाजाबरहुकूम बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. ऐकणाऱ्याच्या श्रवणयंत्रात मायक्रोफोनच्या जोडीला तारेचे एक छोटेसे वेटोळे असते. या क्षेत्रामुळे त्यात प्रवाह निर्माण होतो, आणि यंत्र त्याचा पुन्हा आवाज करते. मधल्या हवेत आवाज नाहीच. पंखा, कुकर, निनाद यांना शिरकाव नाही, कारण त्यांच्या आवाजाला चुंबकत्व नाही. बोलणारा चार मीटरवर असो की चाळीस, ऐकणाऱ्याला तो कानात बोलल्यासारखा वाटतो.

श्रवणयंत्रातल्या या वेटोळ्याला टेलिकॉइल म्हणतात, आणि जुन्या यंत्रांवरच्या बटणावर त्याची खूण म्हणून 'टी' हे रोमन अक्षर असे. नाव टेलिफोनवरून पडले. टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये चुंबक आणि वेटोळे असतेच. त्यातले थोडे क्षेत्र बाहेर गळते. श्रवणयंत्रवाल्याने 'टी'वर बटण ठेवून रिसीव्हर कानाशी धरला की खोलीतल्या गोंगाटाशिवाय फोन ऐकू येई.

१९५२ च्या अखेरीस बाजारात आलेल्या श्रवणयंत्रांत पहिल्यांदा ट्रान्झिस्टर वापरला गेला. रेडिओत तो येण्याआधी. बेल कंपनीने श्रवणयंत्रांसाठी ट्रान्झिस्टरचे स्वामित्वधन घेतले नाही, ग्रॅहॅम बेलच्या स्मरणार्थ. बेलची आई आणि पत्नी दोघीही बहिऱ्या होत्या. ट्रान्झिस्टरमुळे यंत्रे लहान झाली, आणि युरोपात चर्चमध्ये, नाट्यगृहांत, तिकिटाच्या खिडकीशी व घराघरांतल्या टीव्हीभोवती हे वेढे पसरत गेले.

घरातल्या वेढ्याचा हिशेब

किती प्रवाह लागतो ते पाहू. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बोलण्याच्या सर्वांत जोरकस क्षणी ऐकणाऱ्याजवळ चुंबकीय क्षेत्र मीटरला ०.४ अँपिअर हवे. आपल्या ४ मीटर चौरस खोलीच्या फरशीच्या कडेने एक वेढा टाकला, तर मधोमध बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर तेवढे क्षेत्र मिळायला सुमारे २.५ अँपिअर लागतात. दोन वेढे घेतले तर निम्मे. उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांनी बायो-सावर्टच्या नियमाने हे काढून पाहावे, 'अनंत लांबीच्या तारे'पेक्षा हे गणित त्यांना नक्की आवडेल. हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण ऐंशीवा भाग. मग पृथ्वीचे क्षेत्र ऐकण्यात का आडवे येत नाही? कारण ते बदलत नाही, आणि प्रवर्तन बदलाचेच होते.

एक अडचण अशी की वेढ्याचा विरोध थोडा, पण वारंवारता वाढली की त्याचे प्रवर्तकत्व प्रवाहाला अडवू लागते. म्हणजे पुन्हा व्यंजनांवरच गदा! म्हणून या कामाचे खास अँप्लिफायर असतात, जे वारंवारता काहीही असली तरी प्रवाह कायम राखतात. साध्या अँप्लिफायरला वेढा जोडायचा तर एकसरीत ४ ते ८ ओहमचा, काही वॅट सोसणारा रोधक घालतात. त्याने प्रवाह बराचसा सपाट होतो आणि अँप्लिफायरही सुरक्षित राहतो. संपूर्ण खोलीला वेढा घालण्याची खटपट नको असेल, तर खुर्चीच्या गादीखाली ठेवायचा किंवा गळ्यात घालायचा छोटा वेढाही मिळतो. तो कानाजवळ असल्याने त्याला फार कमी प्रवाह पुरतो.

दुसरी अडचण गमतीची आहे. वेढा फरशीवर आडवा असला की मधले क्षेत्र उभे असते. श्रवणयंत्रातले वेटोळे बसलेल्या माणसात त्याला समांतर राहील असे बसवलेले असते. आजोबा पलंगावर आडवे झाले की वेटोळेही आडवे होते आणि आवाज जवळपास गायब! कोसाइन शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी आठवत नाही.

जुन्या खोक्याच्या टीव्हीचा स्वतःचाही त्रास होता. पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत फिरवण्यासाठी त्यात मोठी वेटोळी असत. सेकंदाला ५० वेळा बदलणाऱ्या त्यांच्या क्षेत्राची घरघर टेलिकॉइलमध्ये येई. ऐकणाऱ्याला दोन-तीन मीटर मागे बसावे लागे. सपाट टीव्हीने आवाज भिंतीकडे वळवला खरा, पण ही घरघर मात्र संपवली. न्याय करायचा तर हेही सांगायला हवे.

मोठी अडचण निघाली ती बहिऱ्या मुलांच्या शाळांत. वेढ्याचे क्षेत्र भिंतीपाशी थांबत नाही. एका वर्गात भूगोल, शेजारच्या वर्गात गणित, आणि दोन्ही वर्गांतल्या मुलांच्या कानात दोन्ही. वेढे एकमेकांवर चढवून क्षेत्रे बाहेर एकमेकांना खोडतील अशा रचना निघाल्या, पण पुष्कळ शाळांनी १९६० नंतर शिक्षकाच्या गळ्यात रेडिओ मायक्रोफोन देण्याचा मार्ग पत्करला.

गळती बंद झाली तेव्हा

तिकडे टेलिफोनच्या बाबतीत वेगळेच घडले. अभियंत्यांनी रिसीव्हर सुधारले. नव्या रिसीव्हरमध्ये चुंबकीय क्षेत्र वाया जाईनासे झाले. अभियंत्याच्या दृष्टीने ही निखळ प्रगती. पण जे 'वाया' जात होते त्यावरच श्रवणयंत्रवाले ऐकत होते. नवा फोन आला आणि त्यांचे बटण मुके झाले. त्यांनी संघटित होऊन तक्रारी केल्या, आणि अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने काही आवश्यक ठिकाणचे, १९८८ च्या कायद्याने जवळजवळ सगळेच नवे फोन श्रवणयंत्राशी जुळणारे असणे सक्तीचे झाले. जी गळती अपघाताने मिळाली होती, ती आता मुद्दाम मोजून ठेवावी लागली. वायफळ म्हणून आपण जे काढून टाकतो ते कोणाच्या उपयोगाचे होते काय, हे आराखडा करणाऱ्याला टेबलाशी बसून कळत नाही. ते वापरणाऱ्यालाच विचारावे लागते.

१९७० च्या दशकात अवरक्त किरणांवर चालणारे हेडफोन आले. रिमोटसारखाच प्रकार: किरण भिंतीपलीकडे जात नाहीत, त्यामुळे गळतीचा प्रश्न नाही, पण ऊन आले की बोंब. ज्याच्याकडे श्रवणयंत्र नाही अशा माणसालाही ते वापरता येतात, हा त्यांचा मोठा गुण.

आता ब्लूटूथचा जमाना आहे आणि त्यात एक खोच आहे. नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज १५०-२०० मिलिसेकंद उशिरा पोचू शकतो. गाणी ऐकताना त्याचे काही बिघडत नाही. पण ज्याला कमी ऐकू येते तो नकळत ओठ वाचत असतो. १९५४ साली संबी आणि पोलॅक यांनी दाखवले होते की गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसला तर समजणे पुष्कळ वाढते. १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी तर आवाज 'ब'चा आणि ओठ 'ग'चे दाखवले, तेव्हा लोकांनी 'द' ऐकला! डोळा कानाला एवढा दुरुस्त करतो, किंवा बिघडवतो. दूरचित्रवाणीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आवाज चित्राच्या १२५ मिलिसेकंदांहून मागे पडला की प्रेक्षकाला ते जाणवू लागते. आजोबांना 'काहीतरी चुकतंय' एवढेच कळते आणि ते हेडफोन काढून ठेवतात. म्हणून टीव्हीसाठी घेताना कमी विलंबाचा खास प्रेषक असलेला संच घ्यावा. २०२० साली जाहीर झालेल्या ब्लूटूथच्या नव्या ध्वनिमानकात हा विलंब कमी आहे, आणि ऑराकास्ट या नावाने २०२२ पासून पुढे आलेल्या त्याच्या प्रक्षेपण-पद्धतीत एका टीव्हीवरून हव्या तितक्या श्रवणयंत्रांना एकाच वेळी आवाज देता येतो. पोलियाकॉफचाच वेढा, तारेशिवाय. मात्र त्यासाठी टीव्ही आणि श्रवणयंत्र दोन्ही नवे लागतात, आणि ते सगळ्यांना परवडणारे नाही.

आधी काय करावे

म्हणून आम्ही सुरुवात स्वस्तातून करायला सुचवू. सॅबाइनच्या गाद्या आपल्याकडे आहेतच: फरशीवर सतरंजी, टीव्हीसमोरच्या भिंतीवर जाड पडदा किंवा चक्क गोधडी. खुर्ची ४ मीटरवरून २ मीटरवर आणली की थेट आवाज ६ डेसिबलनी वाढतो, आणि याला खर्च शून्य. त्याहून चांगले म्हणजे एक लहानसा स्पीकर लांब तारेने टीव्हीला जोडून आजोबांच्या खांद्याजवळ ठेवायचा. ४ मीटरच्या जागी अर्धा मीटर. मग टीव्हीचा स्वतःचा आवाज घरच्यांना हवा तेवढाच ठेवता येतो.

जोडणी करताना दोन गोष्टी हमखास नडतात. अनेक टीव्हींत हेडफोनची पिन घातली की आतला स्पीकर बंद होतो. आजोबांना ऐकू आले, आजी मुकी फिल्म पाहत बसली! काही टीव्हींच्या ध्वनीच्या यादीत दोन्ही एकदम चालू ठेवण्याची सोय असते, ती शोधावी. नव्या टीव्हीला पिनेचे भोक नसेलच, तर प्रकाशतंतूचे भोक असते का पाहावे. त्याला अंकीय ध्वनीचे साध्या ध्वनीत रूपांतर करणारी छोटी डबी जोडता येते. आवाज आलाच नाही तर डबी परत करण्याआधी टीव्हीच्या यादीत अंकीय ध्वनीचा प्रकार 'पीसीएम' करून पाहावा. बहुतेक वेळा तेवढेच राहिलेले असते.

आणि श्रवणयंत्र असेल तर त्यात टेलिकॉइल आहे का, हे ज्याने ते दिले त्याला विचारावे. कानात पूर्ण शिरणाऱ्या अगदी छोट्या यंत्रांत त्याला जागा नसते, पण कानामागच्या आणि खिशातल्या पुष्कळ यंत्रांत ते असते. अंकीय यंत्रांत ते असूनही चालू केलेले नसते, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून श्रवणदोषासाठी अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. जिल्ह्याच्या ठिकाणीही आता कान तपासणारे तज्ज्ञ भेटतात. विचारायचा प्रश्न मात्र नेमका हवा: "यात टेलिकॉइल आहे का, आणि तो सुरू करून द्याल का?"

वर्गात हे दाखवायला फारसे काही लागत नाही. टेबलाच्या कडेने बारीक, आवरण असलेल्या तारेचे दहा वेढे गुंडाळा. बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओच्या स्पीकरची एक तार सोडवून स्पीकरऐवजी हा वेढा आणि त्याच्याशी एकसरीत ८ ओहमचा रोधक जोडा. विजेच्या मुख्य पुरवठ्यावर चालणारे उपकरण यासाठी उघडू नये. रेडिओ मुका होईल. आता जुन्या रिलेचे वेटोळे एका लहान अँप्लिफायरच्या मायक्रोफोनच्या जागी जोडून टेबलावर धरा. बातम्या ऐकू येतील. वेटोळे आडवे करा, गप्प होतील. टेबलापासून दूर न्या, हळू होत जातील. मध्ये पुस्तक धरा, हात धरा, काही फरक पडत नाही. मग पत्र्याचा डबा वेटोळ्यावर पालथा घाला आणि काय होते ते मुलांनाच सांगू द्या. शेवटी तेच वेटोळे आणि अँप्लिफायर घेऊन वर्गात फिरा. विजेच्या मीटरजवळ, जुन्या ट्यूबलाइटच्या चोकजवळ, पंख्याच्या रेग्युलेटरजवळ घरघर वाढेल. घरी टीव्हीसाठी वेढा टाकायचा असेल, तर आजोबांची खुर्ची कुठे ठेवू नये हे या फेरीतच समजते.